मायच्या छातीतलं शंटिंग

माय,

माझ्या हातांनी काय काय केलं ते आधी सांगून टाकतो, कारण तू असताना मी ते कधी सलग सांगितलं नाही आणि तूही कधी विचारलं नाहीस. साबणाच्या डबीत बसवलेला क्रिस्टलचा रेडिओ, ज्याला बॅटरी लागत नव्हती आणि जो एकच स्टेशन पकडायचा. रेल्वे कॉलनीतल्या बुद्धजयंतीच्या मिरवणुकीसाठी केलेला पहिला अ‍ॅम्प्लिफायर, ज्याची पेटी फळांच्या खोक्याची होती आणि जो चौकापर्यंत पोचल्यावर तापून वास मारायला लागला. दुसरा अ‍ॅम्प्लिफायर, जो तापला नाही. हाताने गुंडाळलेले ट्रान्सफॉर्मर, ज्यांचे वेढे मी तोंडाने मोजायचो आणि मध्ये कुणी हाक मारली तर उलगडून पुन्हा पहिल्यापासून. इथल्या, जयपूरच्या शास्त्री नगरातल्या आपल्या गल्लीतल्या बहुतेक घरांचे स्टॅबिलायझर. लग्नातल्या बँडवाल्यांचे माइक. दुकानातलं बाक, त्याच्या खणांसकट. तुझ्या खाटेशी लावलेली घंटी, जिचं बटण मी मुद्दाम मोठं घेतलं. यातलं काहीही मला कुणी शिकवलं नाही. दहावीनंतर शाळा सुटली आणि पुढचं सगळं मी उघडून, जाळून, शॉक खाऊन शिकलो. लोक विचारायचे, कोर्स कुठून केलात? मी म्हणायचो, घरून. त्यात मस्ती होती हे मला तेव्हाही कळत होतं.

आज हे लिहायला बसलो कारण माझंही सुरू झालंय. दुकानात वाकून एका रेडिओचा मागचा पत्रा बसवत होतो आणि छातीत काहीतरी घसरल्यासारखं झालं. जिना उतरताना शेवटची पायरी आहे असं वाटावं आणि नसावी, तसं. स्क्रू तोंडात धरलेला होता, तो काढून बाकावर ठेवला आणि मनगटावर बोटं टेकवली. ओळखायला क्षणही लागला नाही. दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीणबाई आहेत, त्यांनी विचारलं, "घर में पहले किसी को था?" मी म्हणालो, "माँ को." मग त्यांनी विचारलं नव्हतं तेही सांगत सुटलो. कुठली गोळी, झडपेचा आवाज कसा, कुशीवर झोपवलं की तो कसा ठळक व्हायचा. त्यांनी पेन खाली ठेवलं. "अंकल, आप डॉक्टर हैं?" "नहीं जी. रेडियो मैकेनिक." त्या हसल्या. मी हसलो नाही, कारण इतक्या वर्षांत तुझ्याबद्दल इतका वेळ कुणाशी बोललो नव्हतो आणि ते मला तिथं, मशीनच्या तारा छातीला लावलेल्या असताना, लक्षात आलं.

तुझं कसं कळलं ते तुला आठवतं का? हिवाळा होता, गच्चीवर तू मुगवड्या घालत होतीस. समोरच्या भाभीजीही त्यांच्या गच्चीवर त्याच घालत होत्या आणि त्यांना मंगोडी म्हणत होत्या, आणि तुमचं दोघींचं दरवर्षीचं भांडण चालू होतं की कुणाची डाळ जास्त बारीक. तू तुझ्या हिंदीत ओरडत होतीस, "भाभी, तुम्हारी तो कंकर जैसी हाय!" आणि वाक्य अर्धं राहिलं. मी अँटेना बांधायला वर आलो होतो. बघतो तर तू कठड्याला धरून उभी, ओठ निळसर. म्हणालीस, "काई नाई रे बापू, श्वास अटकला." मी तुझं मनगट धरलं. दोन ठोके, मग काहीच नाही, मग तीन धावत आलेले, मग एक अर्धवट. त्यात कसलाही क्रम नव्हता. आणि माझ्या मनात पहिला विचार काय आला सांगू? ढिला जोड. रेडिओ हलवला की आवाज येतो-जातो, तेव्हा आत कुठंतरी डाख नीट बसलेला नसतो. तो सापडला की दाबून पुन्हा डाख द्यायचा, झालं. गच्चीवर, तुझं मनगट हातात धरून, मला जवळजवळ हायसं वाटलं. हा दोष माझ्या ओळखीचा होता.

मोठ्या हॉस्पिटलातला डॉक्टर तरुण होता आणि सावकाश बोलायचा. त्याने सांगितलं की लहानपणी तुला सांधे सुजून ताप आला असणार, त्यात हृदयाची एक झडप आखडली, आणि इतकी वर्षं आखडलेल्या झडपेतून रक्त ढकलून ढकलून वरचा कप्पा ताणला गेला. "अब वो हिस्सा सिकुड़ता नहीं, बस फड़फड़ाता है. एट्रियल फिब्रिलेशन." मी त्याच्याकडून ते चिठ्ठीमागे लिहून घेतलं आणि डिक्शनरी घेऊन बसलो. स्पीकरचा कागद फाटला की आवाज येत नाही, नुसती फडफड येते, हे मला माहीत होतं. ऑपरेशनचं विचारलं. झडपेत चुना साठलाय, ती बदलावी लागेल, आणि माताजींची फुप्फुसं आता ते सोसणार नाहीत, असं त्यानेही सांगितलं आणि दिल्लीहून येणाऱ्या त्याच्या वरच्या डॉक्टरनेही. मग गोळ्या दिल्या. त्यातली एक आठवड्यातून पाच दिवस घ्यायची, शनिवार-रविवार बंद. तू घरी येऊन पदराने घाम पुसत म्हणालीस, "पाह्य बापू. तुया बापाले उभ्या नोकरीत लागून दोन दिवस सुट्टी नाई भेटली, अन् या गोळीले दर हप्त्याले!" बाबांना जाऊन तेव्हा काही वर्षं झाली होती. ते रेल्वेच्या यार्डात शंटिंगवर होते, डबे जोडायच्या-तोडायच्या कामावर, अकोल्याहून बदली होऊन जयपूरला आले आणि इथल्या यार्डातच केस पांढरे केले. तुझी सून हसून हसून खाली बसली. मी हसलो नाही. मी विचार करत होतो की डॉक्टर हा दोष काढत नाहीये, नुसता आवाज कमी करतोय.

तेव्हापासून मी उपाय शोधायला लागलो. मी अंधश्रद्धाळू नव्हतो, तू मला तसं वाढवलंच नव्हतंस. दीक्षा घेतली तेव्हा तू लग्नातले देव टोपलीत भरून नदीत सोडून आली होतीस, आणि येताना मागे वळून बघितलं नाही, हे तू आम्हाला इतक्यांदा सांगितलं होतंस. म्हणून मी पद्धतीने गेलो. दुरुस्तीचा माझा नियम आहे, एका वेळी एकच भाग बदलायचा. डॉक्टरच्या गोळ्यांना हात लावायचा नाही, कारण तो सप्लाय, सप्लाय तोडून दोष सापडत नाही. त्याच्यावर एक उपाय, ठरावीक दिवस, मग तपासायचं, मग दुसरा.

पहिली अर्जुनाची साल. चौमूंला एक म्हातारे वैद्यजी आहेत असं एका बँडवाल्याने सांगितलं, तर बसने गेलो. ते दारात खाट टाकून बसले होते. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "दूध में औटाओ, आधा रह जाए तब छानो. छाल दिल ने ताकत देसी, बाबूजी. ताल री गारंटी कोनी." मला राग आला. ठोक्यांच्या तालाची गारंटी नसेल तर काय उपयोग? पण साल आणली. सराफाचा जुना काटा मिळवून ती तोलायचो, दूध मोजून घ्यायचो, पातेल्याला आतून खूण केली होती कुठपर्यंत आटवायचं त्याची. तुझी सून म्हणायची, स्वयंपाकघराची लॅबोरेटरी करून टाकली. तू नाक धरून प्यायचीस. "चप्पल उकळून देल्यासारखं लागते." "मग पिऊ नको." "तू केलं म्हणून पेतो आम्ही." आम्ही म्हणालीस, जणू तुझ्याबरोबर आणखी कुणी ते पीत होतं.

मग चुंबकवाला. शहरात एका गल्लीत त्याचं चकचकीत दुकान होतं, भिंतीवर माणसाचा नकाशा आणि त्यावर लाल-निळे बाण. पट्टा विकत होता. मी चुंबक हातात घेऊन बघितलं आणि खरंच संताप आला, इतकं कमजोर. जळालेल्या स्पीकरची याच्या चौपट ताकदीची चुंबकं माझ्या बाकाखाली पडली होती. तीच घरी आणली, कापडात शिवली, आणि तुला खाटेवर झोपवून एक छातीच्या वर आणि एक पाठीखाली ठेवलं. तुझ्या पोलक्याला लावलेल्या सेफ्टी पिना टकटक उडून त्याला चिकटल्या. बांगड्यांत अडकवलेलीही एक गेली. तू घाबरलीस, मग जी हसायला लागलीस ती थांबेना, आणि हसता हसता तुला धाप लागली, आणि मी चुंबकं काढून टाकली. तो उपाय त्या एका दिवसात संपला.

भाभीजींनी धागा आणला. त्यांच्या माहेरच्या बालाजीचा, मंतरलेला. "अम्मा, बाँध लो, क्या जाता है?" तू त्यांचा हात धरून म्हणालीस, "भाभी, देव नदी में छोड़ा तब धागा भी वहीं छोड़ा. तुम्हारा मन दुखा क्या? बैठो, चाय पीके जाव." त्या बसल्या, चहा प्यायल्या, धागा पर्समध्ये ठेवून गेल्या आणि दुसऱ्या दिवशी वाटीभर मंगोडी पाठवली. पण महिन्याभराने मीच अकीक घेऊन आलो. जौहरी बाजारातल्या एकाने सांगितलं होतं की गळ्यात, छातीला लागेल असा ठेवा, दिल ठहर जाता है. लालसर, गुळगुळीत दगड, चांदीच्या कडीत. तू तो बघितलास आणि माझ्याकडे बघितलंस. "तू बी?" एवढंच म्हणालीस. मी तो परत खिशात टाकला. मग जडीबुटी विकणाऱ्या पंसाऱ्याने मला सांगितलं की याच दगडाची पिष्टी पण असते, गुलाबपाण्यात दिवसचे दिवस खलून पिठासारखी करतात, मधातून देतात. मी भीत भीत विचारलं. तू थोडा विचार केलास. "गळ्यात बांधला त थो देव होते. पोटात गेला त दवा. पोटात दे." माय, मी पुष्कळ पुस्तकं वाचली नंतर, धर्माची, विज्ञानाची, पण इतकी सरळ रेघ ओढलेली कुठं वाचली नाही.

या सगळ्याचा गुण आला की नाही हे ठरवायला नाडी पुरेना. नाडी बोटाखाली असते तोवरच असते, कालची नाडी आजच्या शेजारी ठेवून बघता येत नाही. म्हणून मी ते रेकॉर्डिंगचं सुरू केलं. स्टेथोस्कोप विकत आणला, त्याची नळी कापली, तोंडाशी माइकचा छोटा दाणा बसवला, हवा कुठून जाऊ नये म्हणून सायकलच्या ट्यूबचं रबर गुंडाळलं. तुझ्या झडपेचा आवाज फार खालचा, घुमणारा होता, आणि विजेची घरघर नेमकी त्याच पट्टीत बसते, म्हणून सगळं बॅटरीवर चालवलं. प्रत्येक उपायाच्या आधी एक कॅसेट, नंतर एक. खोलीतला पंखा बंद, खिडकीला रजई, दार लावलेलं, तुझी नात बाहेर सुनेच्या मांडीवर गप्प बसवलेली. भर उन्हाळ्यात तू डाव्या कुशीवर पडलेली असायचीस, घामाने उशी ओली, आणि मी कानाला हेडफोन लावून बोटाने खुणा करायचो, श्वास धर, सोड, धर.

पिष्टीच्या नंतरचं रेकॉर्डिंग सगळ्यांत स्वच्छ निघत होतं. कसलीही घरघर नाही. पहिला ठोका, मग तो गडगडत जाणारा आवाज, मग थांबा, मग घाईने दोन. मी श्वासही हळू घेत होतो. आणि शेवटाला आलं असताना तू बोललीस. माइक तुझ्या छातीवरच होता, त्यामुळे तुझा आवाज तुझ्या आतून आला, मोठा, गोल, हेडफोनमध्ये दोन्ही कान भरून. "झालं का रे बापू? थकला असशील. त्या पोरीले आत येऊ दे आता, बाहेर ऊन हाय." मी हेडफोन काढून आपटला. "माय! खराब केलंस ना सगळं! इतका वेळ गप्प बसायला सांगितलं होतं!" तू उठून बसलीस, पदर सारखा केलास. रागावली नाहीस. म्हणालीस, "मले ऐकव नं एकदा. माया आतलं मलेच कधी ऐकू नाई आलं."

मी तुझ्या कानांना हेडफोन लावला. तो तुझ्या अंबाड्यावर नीट बसेना, मग मी दोन्ही हातांनी धरून ठेवला. तू डोळे मिटलेस. मला वाटलं घाबरशील. बराच वेळ तू ऐकत राहिलीस आणि तुझा चेहरा सैल होत गेला, कपडे वाळत घालताना दुरून कुणाची तरी ओळखीची हाक यावी तसा. मग म्हणालीस, "हे त शंटिंग हाय." मी म्हणालो, काय? "शंटिंग करून राह्यली गाडी. पाह्य, एक डबा आला, ठोकला. मंग थांबली. मंग दोन संगंसंगं. अकोल्यालेही आपलं क्वार्टर यार्डाले लागून होतं नं, रात्रंदिवस हेच ऐकू ये. हे ऐकू आलं त समजायचं, तुया बाप ड्युटीवर हाय, जिता हाय." डोळे मिटलेलेच होते. "इतके दिवस इथंच काम करून राह्यला माणूस, अन् मले माईत नाई." मी कॅसेट थांबवली नाही. ती आपोआप खट्‌ करून थांबेपर्यंत तू ऐकलंस, आणि मग पुन्हा लाव म्हणालीस.

आधीची आणि नंतरची कॅसेट मी त्या आठवड्यात शेजारी शेजारी ठेवून ऐकली. काहीही फरक नव्हता. सालीने नाही, दगडाने नाही. वैद्यजी खरं बोलले होते. पण तू त्या दिवसांत बरी दिसायचीस, जिना चढायचीस, आणि मी पुढचा उपाय शोधत होतो, केरळकडचं कुठलं तरी तेल. ते मागवायचं पत्र लिहूनही झालं होतं.

सकाळ होती. तू स्वयंपाकघरात भाकरीचं पीठ मळत होतीस. परात वाजली म्हणून आम्ही धावलो. तू बसलेलीच होतीस, भिंतीला टेकून, आणि उजव्या हाताकडे बघत होतीस, जणू तो कुणी दुसऱ्याने तिथं ठेवून दिलाय. पीठ लागलेलं होतं त्याला. हॉस्पिटलात त्याच तरुण डॉक्टरने सांगितलं की फडफडणाऱ्या कप्प्यात रक्त थबकून राहतं, तिथं त्याची गाठ बनते, आणि ती सुटून मेंदूत गेली. त्याने हे इतक्या हळू सांगितलं की मला वाटलं तो माझ्यासाठी नाही, स्वतःसाठी सांगतोय.

दुसऱ्या दिवशी तू बोललीस. मोठ्याने, चांगलं लांब वाक्य. मी औषध आणायला गेलो होतो, परत आलो तर डॉक्टर आणि सिस्टर दोघं खुशीत. "भाईसाहब, माताजी बोल रही हैं! मराठी में बोल रही हैं, हमें समझ नहीं आ रहा. बताइए क्या कह रही हैं?" मी खाटेशी वाकलो. तू माझ्याकडे बघून पुन्हा बोललीस. सूर तुझाच होता, माय. कुठं चढायचं, कुठं ओढायचं, शेवटी प्रश्नासारखं कसं उचलायचं, सगळं तुझं, अकोल्याचं. पण आत शब्द नव्हते. दोन स्टेशनांच्या मध्ये सुई अडकली की लांबच्या देशाचं बोलणं येतं, तसं ते होतं. अख्ख्या वॉर्डात मराठी जाणणारा मी एकटा होतो, आणि ते मराठी नव्हतं हे कळणाराही मी एकटाच. तू बोलणं संपवून थांबलीस, माझ्या उत्तराची वाट बघत. मी डॉक्टरला म्हणालो, "पानी माँग रही हैं."

सिस्टरने पाणी पाजलं आणि तू प्यायलीस. बस, तेवढंच माझ्या डोक्यात राहिलं, की प्यायलीस. मग मी थांबलोच नाही. उशी सरकवून दिली की सांगायचो, "बोल रही हैं, सिस्टर का हाथ बहुत हलका है." सिस्टरचा चेहरा खुलायचा, ती तुझे केस विंचरायला बसायची. सफाईवालीला सांगायचो, "पूछ रही हैं, तुम्हारे बच्चे कितने हैं." ती झाडू टेकवून तुला मुलांची नावं सांगायची आणि तू मान हलवायचीस. शेजारच्या खाटेवरच्या बाई म्हणायच्या, माताजी कितनी मीठी बातें करती हैं. तुझी सून आली, एकच वाक्य ऐकलं, आणि पदर तोंडाला लावून व्हरांड्यात गेली.

मग एका सकाळी डॉक्टर एकटाच आला आणि म्हणाला, आज मला नीट सांगा, शब्द बरोबर येतायत का, अर्थ लागतो का, मला पुढचं ठरवायचंय. तू बोलत होतीस, त्याच सुरात, मला काहीतरी समजावून सांगत होतीस, फार महत्त्वाचं असल्यासारखं. मी म्हणालो, "डॉक्टर साहब, ये मराठी नहीं है." तो म्हणाला, "मतलब?" "ये कुछ भी नहीं है." तू माझ्याकडे बघत होतीस. हिंदी तुला कळत होती की नाही, त्या वेळी, कोण जाणे. पण तू बोलायची थांबलीस. त्यानंतर तू माझ्याशी फार बोलली नाहीस, आणि मी स्वतःला सांगत आलोय की ते आजाराने.

त्याने विचारलं, आधी कशा बोलायच्या? मी घरी जाऊन ती पिष्टीनंतरची कॅसेट आणि हेडफोन घेऊन आलो, त्याला तुझा खरा आवाज ऐकवायला. व्हरांड्यातल्या बाकावर बसून त्याने ऐकली. तुझं बोलणं शेवटी येतं हे मी सांगितलं होतं, तरी तो सुरुवातीलाच हात वर करून मला गप्प करत होता. संपल्यावर म्हणाला, "एक बार फिर." मी तुझी वाणी ऐकवायला आणली होती आणि तो तुझी झडप ऐकत होता. त्याचं चुकलं असं नाही. त्याचं शिक्षण तेच.

तू गेलीस त्या दिवशी दुपारी मी नव्हतो तिथं, रक्ताच्या रिपोर्टसाठी रांगेत होतो.

आता माझ्या छातीत ते वाजतं. खरं सांगतो, पहिल्यांदा मनगटावर बोटं ठेवली तेव्हा भीतीच्या आधी आनंद झाला. वाटलं, तुझ्याकडून आलं. इतकं काही राहिलं नव्हतं माझ्याकडे तुझं, एक पोत्याची पिशवी, तो हेडफोन आणि त्या कॅसेट, आणि आता हे. पण डॉक्टरीणबाईंनी छातीचे सगळे फोटो काढून घेतले आणि म्हणाल्या, अंकल, आपकी माताजी का वाल्व से था, आपका तो बीपी से है, अलग बीमारी है, इसका उससे कोई लेना-देना नहीं. त्या मला धीर देत होत्या. मी थँक्यू म्हणालो आणि बाहेर येऊन बराच वेळ स्कूटर सुरू केली नाही.

गोळ्या चांगल्या आहेत आता. रक्त पातळ ठेवणारी एक आहे, दर काही दिवसांनी सुई टोचून बघतात. तुझी नात इथंच झालाना भागात एका ऑफिसात नोकरी करते, ती परवा अर्जुनाच्या कॅप्सूलची बाटली घेऊन आली. "पप्पा, हे नॅचरल आहे, मतलब साइड इफेक्ट काहीच नाय." मी डॉक्टरीणबाईंना विचारलं, त्या म्हणाल्या, खून पतला करने वाली गोली के साथ अपने मन से मत लीजिए. तर घेत नाही. पण एक कॅप्सूल उघडून पूड तळहातावर घेतली आणि जिभेला लावली. उकळलेली चप्पल. अगदी तशीच. पोरीने विचारलं, काय झालं, पप्पा, डोळ्यांत गेलं का? मी म्हणालो, हो.

तिला हे पत्र वाचता येणार नाही. ती मराठी अक्षरं हिंदीसारखी वाचते आणि अर्ध्यावर सोडून देते. तुला तर वाचताच येत नव्हतं. अकोल्याहून आलेली पत्रं तुला कुणीतरी वाचून दाखवावी लागत आणि तो कुणीतरी नेहमी मीच. म्हणून हे कुठं जाणारही नाही आणि कुणी वाचणारही नाही, आणि म्हणूनच जे कुणाला सांगितलं नाही ते इथं लिहून टाकतो.

तुझा जलदानविधी झाल्यावर काही दिवसांनी तो तरुण डॉक्टर दुकानात आला, त्याच्या कॉलेजातल्या मोठ्या सरांना घेऊन. भले गृहस्थ. बूट बाहेर काढले, स्टुलावर बसले, तुझ्याबद्दल दोन शब्द नीट बोलले. मग म्हणाले, "हम लड़कों को विलायती कैसेट से पढ़ाते हैं. अपने यहाँ के मरीज़ की इतनी साफ़ आवाज़ किसी के पास नहीं. ये कैसेट हमें दे दीजिए." मी हातातली पक्कड पुसत राहिलो तेव्हा त्यांना वाटलं कारण समजलं. "माताजी जहाँ बोलती हैं, वो हिस्सा आप काट लीजिए, अपने पास रखिए. आपके लिए क्या मुश्किल है." मुश्कील काहीच नव्हतं. एक ब्लेड आणि चिकटपट्टी. पण कुठं कापायचं ते कळायला ऐकावं लागतं, आणि कॉपी करायची तरी ऐकावं लागतं, आणि ती कॅसेट मी तेव्हाही ऐकू शकत नव्हतो आणि तू गेल्यापासून आजवर ऐकलेली नाही.

मी म्हणालो, "साहब, वो रिकॉर्डिंग खराब है."

तरुण डॉक्टरने माझ्याकडे बघितलं. त्याने ती दोनदा ऐकली होती. मग तो खाली बघून बाकावरचा एक स्क्रू बोटाने फिरवत राहिला. माझ्या हातच्या कामाला परक्यांसमोर मी जन्मात एकदाच खराब म्हटलं, माय, आणि ते माझं सगळ्यांत चांगलं काम होतं. सर म्हणाले, खराब असली तरी चालेल, आम्ही बघू. मी मान हलवून नाही म्हटलं. त्यांनी पाकीट काढून नोटा बाकावर ठेवल्या होत्या, त्या मी उचलून त्यांच्या हातात परत दिल्या. कोरी कॅसेट तेव्हा पंचवीसला मिळायची, आणि त्या एका कॅसेटचे ते पाचशे रुपये देत होते.